उरलंसुरलं लक्ष

"ताई, कुणाला हं म्हणताय?" भोवऱ्यानं विचारलं तेव्हा तिच्या हातात अर्धा खाल्लेला पाव होता आणि खिडकीच्या कट्ट्यावर स्पीकर लावून उताणा ठेवलेला फोन. फोनचा पडदा काळा होता. त्यातून काही ऐकू येत नव्हतं, आणि ते कधीपासून येत नव्हतं हे तिला सांगता आलं नसतं. मघाशी बाबा बोलत होते. जिन्यातल्या दिव्याबद्दल किंवा गुडघ्याबद्दल, नाहीतर दिव्यावरून गुडघ्याकडे जाताना मध्येच कुठंतरी होते. ती समोरच्या इमारतीवर काच बसवणाऱ्या दोन माणसांकडे बघत होती. काच मोठी होती आणि तिच्यात आभाळाचा एक तुकडा हलत होता. माणसं ती काच अलगद तिरपी करत होती, आणि ती पाव चावता चावता ठराविक वेळानं हं म्हणत होती. भोवरा हसला. रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारं यंत्र लॅबमध्ये त्याच्याकडे होतं, आणि स्वतःही तो एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे त्याला भोवरा म्हणत. "तिकडून केव्हाच ठेवलाय. मी चहा घेऊन आलो तेव्हापासून तुम्ही एकट्याच हं हं करताय," तो म्हणाला आणि कप ठेवून निघूनही गेला. तीही हसली. पण उरलेला पाव तिनं बाजूला ठेवून दिला.

तिनं लगेच फोन लावला. लाइन कट झाली वाटतं, असं म्हणायचं तिनं ठरवलं होतं, पण ते म्हणायची वेळच आली नाही. बाबांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता. "मग ठरलं तर," ते म्हणाले. "रविवारी ये. काही आणू नकोस." ती म्हणाली, "येते." फोन ठेवल्यावर तिला कळलं की काय ठरलं ते विचारायची वेळ तेवढीच होती, आणि ती गेली. एखाद्याचं नाव पहिल्या भेटीत नीट ऐकू येत नाही, तेव्हाच विचारलं तर चालतं. वर्षभर नमस्कार करून झाल्यावर, तुमचं नाव काय हो, असं कसं विचारणार? तिनं हो म्हटलं होतं, पण कशाला ते तिला ठाऊक नव्हतं.

तिचं काम लक्ष देण्याचं होतं. सकाळी आली की पांढरा कोट चढवायचा, मायक्रोस्कोपशी बसायचं आणि काचेवर पसरून रंगवलेल्या रक्तातल्या पेशी एकेक करून ओळखायच्या. गुलाबी रानात विखुरलेले जांभळे ठिपके. हा साधा, हा साधा, याच्या पोटात दाणे, हाही साधा. हजार साध्यांमध्ये एखादी कच्ची पेशी असते, दिसायला मोठी, भोळसट, आणि ती दिसली की कुठल्यातरी घरातलं सगळं उलटंपालटं होतं. म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचं. ती या कामात चांगली होती. अवघड स्लाइड तिच्याकडेच यायच्या. चार वाजेपर्यंत ती अशी बघत असे, आणि मग तिच्या आतलं काहीतरी संपत असे. ते शरीराचं थकणं नव्हतं. त्यानंतरही ती भाजी आणायची, बसमध्ये उभी राहायची, फरशी पुसायची. संपायचं ते दुसरंच. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की नळाला हवेचा फुसफुस आवाज तेवढा येतो, तसं तिचं हं नेमकं चहाच्या सुट्टीत सुरू होई. आणि बाबांचा फोन चहाच्या सुट्टीतच येई. दिवसभराचं भरलेलं लक्ष ती नावंही नीट न वाचलेल्या माणसांच्या रक्तावर ओतायची, आणि जे तळाशी उरायचं, गाळासकट, ते बाबांच्या वाट्याला.

लहानपणी आई तिला कौतुकानं अष्टावधानी म्हणायची. ती अभ्यास करता करता दुधावर लक्ष ठेवायची, धाकट्या मावसभावाला झोके द्यायची, शेजारणीचं बोलणं आईला नंतर जसंच्या तसं सांगायची. आई गेली तेव्हा ती शब्दही बरोबर घेऊन गेली असावी. नवरा तिला तसलं काही म्हणाला नाही. तो जेवताना मध्येच थांबून विचारायचा, "मी आत्ता काय म्हणालो?" आणि ती त्याचं शेवटचं वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवायची. गाय निघून गेल्यावर शेपूट हातात राहावं तसं शेवटचं वाक्य तिच्या कानात राहायचं. सुरुवातीला तो चिडायचा, की म्हणून दाखवता येणं म्हणजे ऐकणं नव्हे. पुढं पुढं त्यानं विचारणं सोडलं, आणि त्याचं विचारणं थांबलंय हेही तिच्या उशिरा ध्यानात आलं. एका दुपारी तो शांतपणे म्हणाला की या घरात तो एकटा राहत नाही म्हणून त्याला जास्त एकटं वाटतं. हे वाक्य मात्र ती विसरली नाही. तेही शेवटचंच होतं. आता ती दोन खोल्यांत एकटी राहत होती आणि तिला ते बरं वाटत असे. घरी गेल्यावर कुणाला काही द्यायचं नसे. भिंती लक्ष मागत नाहीत. कधी कधी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ झाली तरी आपण सकाळपासून एक शब्द बोललो नाही हे तिला स्वतःचा आवाज खरखरीत निघाल्यावर कळायचं.

रविवार यायला अवकाश होता. ते दिवस तिनं बाबांचं बोलणं अगदी मन लावून ऐकलं. काय ठरलंय याचा धागा कुठंतरी सापडेल म्हणून ती फोन कानाशी घट्ट धरायची, काचवाल्यांकडे पाठ करायची, पाव खायचीच नाही. आणि तिला आश्चर्य वाटलं, थोडी भीतीही, की ऐकण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतंच. जिन्यातला दिवा अजून लावला नाही. गुडघा सकाळी धरतो, दुपारी सोडतो. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं मशीन हल्ली खडखडतं. एक कबुतर रोज त्याच गजावर बसतं. तेच ते, थोडं पुढंमागं करून. तिला वाटलं होतं की आपण इतके दिवस काहीतरी मोलाचं सांडून टाकत होतो. आता ओंजळ धरली तर तीत दिवा, गुडघा, कबुतर. तरी ती ऐकत राहिली. ऐकताना लक्ष उडायचं, पाखरू उडावं तसं, काही कळायच्या आत. ती त्याला परत आणून बसवायची, ते पुन्हा उडायचं. ऐकणं हे पेशी बघण्याहून कठीण आहे असं तिला वाटलं. पेशी निदान थांबून राहतात. एकदा आडून विचारावं म्हणून ती म्हणाली, "रविवारी किती वेळ लागेल, बाबा?" ते म्हणाले, "वेळेचं काय, आता वेळच वेळ." आणि पुन्हा कबुतराकडे वळले. त्यांच्या आवाजात हसू होतं. ते हसू तिला रात्रीपर्यंत टोचत राहिलं.

शुक्रवारी लॅबच्या मोठ्या मॅडमनी तिला आत बोलावलं. तिनं बघून साधी म्हणून ठेवलेली एक स्लाइड त्यांनी सहज पुन्हा लावली होती. रिपोर्ट अजून गेला नव्हता. त्यांनी खुर्ची सरकवली आणि ती वाकून बघू लागली. कच्च्या पेशी तिथं होत्या. लपलेल्याही नव्हत्या, घोळक्यानं उभ्या होत्या, वर्गात उशिरा आलेल्या मुलांसारख्या. तिनं या बघितल्या होत्या, डोळ्यांनी नक्कीच बघितल्या होत्या, त्यांच्यावरून तिची नजर गेली होती. त्या वेळी ती मनात 'आता वेळच वेळ' हे तीन शब्द उलटसुलट करून पाहत होती. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या की इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं, की प्रत्येकाचं होतं, आणि घरी काही आहे का. ती म्हणाली, काही नाही. मग त्या म्हणाल्या, "दोन-चार दिवस घरी बसा. डोळ्यांना विश्रांती द्या." दोष डोळ्यांचा नव्हता हे दोघींनाही माहीत होतं. बाहेर भोवरा यंत्राचं झाकण लावत होता. त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिनं फक्त कोट काढून खिळ्याला अडकवला. बसमध्ये तिला हिशोब कळला, आणि तो इतका साधा होता की तिला रडू यायला हवं होतं. टाकी एकच होती. बाबांचा नळ सोडला की इकडचा आटायचा. ज्या माणसाचं ते रक्त होतं त्याला यातलं काहीही कधी कळणार नव्हतं.

रविवारी ती दोन बस बदलून बाबांकडे गेली. जिन्यातला दिवा खरंच बंद होता. दार उघडं होतं आणि बाहेरपर्यंत रंगाचा वास येत होता. बाबा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. या वासातच ती लहानाची मोठी झाली होती, म्हणून आत पाऊल टाकेपर्यंत तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. मग दिसलं. बाबांची खाट बाहेरच्या खोलीत, भिंतीला लावून, येण्याजाण्याच्या वाटेत आली होती. त्यांचे कपडे, औषधांचा डबा, आईचा फोटो, सगळं त्या एका कोपऱ्यात कोंबलं होतं, स्टेशनवर सामान ठेवून बसलेल्या माणसासारखं. आणि आतली खोली, घरातली एकुलती एक बरी खोली, जिला खिडकी होती, ती रिकामी होती. तिच्या भिंती नव्या, फिकट हिरव्या रंगानं भरल्या होत्या. दाराशी बाबा उभे होते, सदऱ्यावर हिरवे शिंतोडे, केसांतही एक. "टेबल खिडकीशी लाव," ते म्हणाले. "उजेड डावीकडून येतो. तुझ्या डोळ्यांना बरं."

तेव्हा तिला कळलं की तिनं कशाला हं म्हटलं होतं. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. आपल्या दोन खोल्या तिला आठवल्या, आणि तिथली ती कुणी काही न मागणारी संध्याकाळ. काहीच न बोलता टेबल कुठं लावायचं ते ठरवणं शक्य होतं. नाही म्हणणंही शक्य होतं. पण त्याआधी तिच्या तोंडून वेगळंच निघालं. "बाबा, तुम्ही विचारलंत तेव्हा मी ऐकलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले.

ते खाटेवर जाऊन बसले. पायांकडे बघत त्यांनी सांगितलं की ते बरेच दिवस विचारायचं म्हणत होते, पण धीर होत नव्हता. ती नाही म्हणाली असती तर मग रोज फोन करायलाही तोंड राहिलं नसतं. त्या दिवशी ती चांगलीच दुसरीकडे आहे हे त्यांना तिच्या हं वरून कळलं. तिची हं त्यांना ओळखता येत. एक खरं असतं, ते जरा उशिरा येतं. दुसरं वेळेवर येतं. "वेळेवरचं चाललं होतं," ते म्हणाले. "म्हणून दिव्याच्या बोलण्यातच विचारून टाकलं. तू हं म्हणालीस आणि मी पटकन फोन ठेवला. आणखी थांबलो असतो तर ऐकलं असतंस." मग म्हणाले, "यायचं नसेल तर नको येऊस. रंग काही वाया जात नाही. भिंत घाण झालीच होती."

ती भिंतीकडे बघू लागली. खूप दिवसांनी ती मायक्रोस्कोपशिवाय कशाकडे तरी नीट बघत होती. रंग एकसारखा बसला होता, कुठं ओघळ नाही, ब्रशचा माग नाही. हात अजून तोच होता. पण हिरवा रंग भिंतीच्या वरपर्यंत गेलाच नव्हता. माणसाचा हात पोचेल तिथवर तो होता, आणि वर जुना, धुरकट, पिवळा पडलेला चुना. मध्ये एक सरळ रेघ, पाटी आखावी तशी, चारी भिंतींवरून फिरलेली. स्टूल तर तिथंच कोपऱ्यात होतं. उंच दुकानांच्या माथ्यावर, दोन बांबूंच्या मध्ये लोंबकळून अक्षरं काढलेला हा माणूस स्टुलावर का चढला नाही? तिनं विचारलं. बाबा म्हणाले, तोल जातो हल्ली. कधीपासून, तिनं विचारलं. ते म्हणाले, पडलो तेव्हापासून. जणू पडल्याचं तिला माहीतच होतं.

न्हाणीघरात पडले होते. महिन्यापूर्वी. पाय दुमडला, उठता येईना. फरशीवर पडून राहिले, पाणी वाहत होतं. वरच्या शिवणकामाच्या बाईंनी शेवटी हाक ऐकली आणि कुलपाची जादा किल्ली घेऊन खाली आल्या. गुडघा तेव्हापासूनच धरत होता. हा तोच गुडघा होता, जो सकाळी धरतो आणि दुपारी सोडतो, आणि ज्याच्याबद्दल ती सगळं ऐकून चुकली होती.

"मला फोन का नाही केलात?" तिनं विचारलं. तिला राग आला होता, आणि राग आल्याचं तिला बरं वाटत होतं.

"केला होता," बाबा म्हणाले. "फोन सदऱ्याच्या खिशातच होता." सदऱ्यावरचा एक सुकलेला शिंतोडा ते नखानं खरवडू लागले. "पडलोय म्हणून सांगितलं. तू हं म्हणालीस. मग मला वाटलं, कामात असशील."

बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं. चपलांचा आवाज अंधारातून खाली खाली गेला आणि संपला. ती तो दिवस शोधू लागली. महिन्यापूर्वीचा कुठला तरी दिवस, चार वाजता, खिडकी, पाव. काहीच नव्हतं. पाण्याचा आवाज आला असेल. बाबांचा आवाज वेगळा लागला असेल. कुणाची तरी पेशी त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढं असेल, पुसली न गेलेली. तिच्या कानातून तिचा बाप फरशीवर पडल्याचं वाक्य गेलं होतं आणि तिनं त्याला वेळेवर हं म्हटलं होतं, आणि त्याचा मागमूसही तिच्यापाशी नव्हता. शेवटचं वाक्य तिला नेहमी आठवायचं. ते शेवटचं नसावं. त्यानंतर बाबा आणखी काही बोलले असतील, ठेवतो म्हणाले असतील. तिनं माफी मागितली नाही. कशाची म्हणून मागणार, न आठवणाऱ्या गोष्टीची? तिनं पदर खोचला, स्टूल ओढलं आणि ब्रश कुठंय म्हणून विचारलं. बाबांनी डबा ढवळून दिला. ती स्टुलावर चढली आणि ते दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे राहिले. तिचा हात काही त्यांचा हात नव्हता. जिथं बाबांचा रंग आणि तिचा रंग मिळायचा तिथं पट्टा उठून दिसू लागला. बाबा खालून सांगत होते, ब्रश इतका भरू नकोस, मनगट हलव, खांदा नको. ती ऐकत होती आणि तसं करत होती. दुपार टळेपर्यंत एकच भिंत झाली. मान आखडली होती, आणि त्या सगळ्या वेळात तिचं लक्ष एकदाही उडालं नव्हतं. पण ते बाबांवर होतं की भिंतीवर, हे तिला सांगता आलं नसतं.

पुढच्या महिन्यात ती सामान घेऊन राहायला आली. मोठ्या मॅडमना सांगून तिनं अवघड स्लाइड कमी करून घेतल्या; पगारातही थोडा फरक पडला. भोवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं ताई, आता फोनचं बिल वाचेल." चारच्या सुट्टीत फोन येईनासा झाला. ती खिडकीशी पाव खायची. समोरच्या काचा सगळ्या बसवून झाल्या होत्या, आणि कट्टा रिकामा दिसायचा. घरी हिरव्या खोलीत तिचं टेबल खिडकीशी होतं, उजेड डावीकडून यायचा. बाबा बाहेरच्या खाटेवरून बोलत राहायचे. तिला वाटलं होतं की एका घरात आल्यावर ऐकणं आपोआप होईल. तसं काही झालं नाही. फोन निदान ठेवता यायचा. संध्याकाळी ती दमलेली असे, आणि समोर बसलेल्या माणसाचे ओठ हलताना बघत बघत ती अशी दूर जाई की त्या घरात दोन माणसं आहेत हे एखाद्या तिसऱ्यालाच सांगावं लागलं असतं. परत आली की ती बाबांच्या पायांकडे बघायची, ते बसलेत ना, पडले नाहीत ना.

अशाच एका संध्याकाळी बाबा जेवता जेवता काही सांगत होते. त्यात एक दुकानदार होता, पाटीवरचं एक अक्षर उलटं लागलं होतं, कुणीतरी खूप हसलं होतं. बाबांचे डोळे चमकत होते आणि घास हातातच राहिला होता. तिच्या तोंडाशी हं आलं. वेळेवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि ताटावरून हात बाजूला घेतला.

"बाबा, थांबा. मघापासून माझं लक्ष नव्हतं. पहिल्यापासून सांगा."

बाबा थांबले. तिच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता, वाईटही वाटलेलं दिसत नव्हतं. ते आठवायला लागले. कपाळावर आठी पडली, ओठ दोनदा हलले, घास ताटात परत गेला. वरून मशीनची खडखड येत होती. ती वाट बघत होती, आणि तिला दिसलं की ते शोधताहेत आणि त्यांच्या हाती काही लागत नाहीये.

"गेलं," बाबा म्हणाले. "आता मलाही नाही आठवत."

तिचा हात अजून ताटाबाहेरच होता.

"राहू दे," ते म्हणाले आणि पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. "दुसरं सांगतो."